दोर धरणारा

गोदीत थोरल्याचं काम एका वाक्यात सांगता येत असे : तो धाकट्याचा दोर धरायचा.

धाकटा पाणबुड्या होता. जहाजाच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात गुंतलेलं जाळं कापून काढायचं, पत्र्याला कुठे चीर गेली आहे का ते हाताने चाचपायचं, ही त्याची कामं. बंदरातलं पाणी गढूळ. खाली गेल्यावर स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नसे. कमरेला दोर, पाठीमागे हवेची नळी, आणि दोराचं दुसरं टोक वर होडीत थोरल्याच्या मुठीत. हेल्मेटमध्ये बोलायला फोन होता, पण थोरल्याचा त्यावर विश्वास नव्हता. "फोनवर माणूस 'बराय' म्हणतो आणि बरा नसतो," तो म्हणे. "दोर खोटं बोलत नाही."

दोराची भाषा लहानशी असते. एक ओढ म्हणजे 'ठीक आहेस ना?' दोन म्हणजे 'दोर सैल सोड.' तीन म्हणजे 'वर घे.' ज्याला ओढ मिळेल त्याने तितक्याच ओढी परत द्यायच्या, म्हणजे निरोप पोचला. दोर फार ताणला तर खालच्याला काम करता येत नाही, फार सोडला तर वरच्याला काही कळत नाही. थोरला तो कायम जरा जास्तच ताणून धरायचा. धाकटा वर आला की हेल्मेट पुरतं निघायच्या आत भांडण सुरू व्हायचं.

"दादा, मी काय बैल आहे? जरा बाजूला सरकलो की लगेच हिसका!"

"चालला होतास कुठे?"

"कुठे चालणार? पंख्याच्या पलीकडे. बाजारात नव्हतो निघालो."

होडीतले लोक हसायचे. मुकादम म्हणायचा, "तुझा भाऊ पाण्यात कमी आणि तुझ्या मुठीत जास्त असतो." थोरल्याला ती तारीफ वाटायची.

धाकट्याला एक खोड होती. वरून एक ओढ आली की तो एक ओढ परत द्यायचा, आणि मग किंचित थांबून आणखी एक हलकासा झटका. अर्धाच. नियमात त्याला काही अर्थ नव्हता. थोरला याला शेपूट म्हणायचा आणि चिडायचा. "शेपूट लावू नकोस. मला वाटतं, आणखी काही सांगतोयस. एक विचारलं की एक उत्तर."

"मग मीच आहे हे तुला कळणार कसं? एक ओढ काय, एखादा मोठा मासाही देईल."

खोड सुटली नाही. ती सुटावी असं थोरल्याला मनातून वाटत होतं की नाही, हे त्याने कधी तपासलं नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती मात्र त्याने हा दोर कधी दिला नाही. त्याला ताप आला तर धाकट्याने त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, असा शिरस्ताच पडला होता. थोरल्याने स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर राहून गेलं म्हणे. धाकट्याचं झालं तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "दादा, आता एक टोक हिच्या हातात दे." सगळे हसले, थोरलाही हसला. बायको बालवाडीत शिकवायची, म्हणून घरात तिला सगळे 'बाई' म्हणत. त्या हसण्यात बाई नव्हती.

धाकटा पाण्यात पडला नाही, पाण्यात गुदमरला नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी घरातल्या न्हाणीघरात तो गळका नळ आवळत होता. स्वयंपाकघरात बाईला पाना फरशीवर पडल्याचा आवाज आला. "काय पाडलंत?" तिने विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून ती गेली, तर तो भिंतीला टेकून बसलेला, तोंड एका बाजूला वाकडं, आणि नळ वाहतोय. थोरला आणि आई वरच्या मजल्यावर राहायचे. बाईची हाक ऐकून थोरला जिना उतरून आला तेव्हा त्याच्या गालावर दाढीचा साबण होता. तो साबण दवाखान्यात पोचेपर्यंत तसाच वाळला.

"पाण्यात असता तर मला कळलं असतं," तो येईल त्याला सांगत होता. "पाण्यात असता तर मी लगेच वर घेतला असता."

धाकट्याच्या डोक्यातली शीर फुटली होती. कवटी उघडून साकळलेलं रक्त काढलं. तो शुद्धीवर आला नाही. तोंडातून घशात नळी, नळीच्या टोकाला श्वास देणारं यंत्र. डॉक्टर मऊ आवाजात आणि मोजकं बोलणारे होते.

"आमच्याकडून करण्यासारखं केलंय. आता वाट बघायची."

"म्हणजे करायचं काय?" थोरल्याने विचारलं.

"काही नाही. वाट बघायची."

"ते कळलं हो. पण करायचं काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

वाट बघणं थोरल्याला नवं नव्हतं. पंचविशी उलटायच्या आधीपासून तो होडीत बसून वाटच बघत आला होता. पण तेव्हा हातात काहीतरी असायचं. इथे त्याचे हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांनी त्याने जे जे धरता येईल ते धरलं. डॉक्टरांशी तोच बोलायचा. औषधं तोच आणायचा. आत कुणी कधी जायचं हे तोच ठरवायचा. वॉर्डात एका वेळी एकाच माणसाला परवानगी होती, आणि तो माणूस बहुतेक वेळा थोरलाच असे. बाईला सकाळी थोडा वेळ मिळायचा, आईला दुपारी. बाकीचा दिवस त्या दोघी बाहेरच्या दालनात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून असायच्या.

"तुम्हाला आता आमच्या पगारावर घ्यायला हवं," वॉर्डातली सिस्टर म्हणाली. ती जाडजूड, मोठ्या आवाजाची होती. "यंत्राकडे माझ्यापेक्षा तुमचंच लक्ष."

"तो आकडा मघाशी खाली गेला होता."

"जातो. वर येतो. पुन्हा जातो. झोपा जरा. तुमच्याकडे बघून दुसऱ्या पेशंटांची तब्येत बिघडायची."

तो झोपत नसे. स्टुलावर बसून धाकट्याचं मनगट धरून ठेवायचा. डुलकी लागली की हात सुटायचा आणि तो दचकून जागा व्हायचा. शेवटी त्याने सिस्टरकडून बँडेजची पट्टी मागून घेतली. एक टोक धाकट्याच्या मनगटाला सैलसर बांधलं, दुसरं स्वतःच्या मुठीला गुंडाळलं.

"हे काय आता?" सिस्टर म्हणाली.

"सवय आहे आमची."

"एकाही नळीला धक्का लागला तर तुम्हाला पट्टीसकट बाहेर काढीन. सांगून ठेवते."

त्याने पट्टी ताणली आणि एक ओढ दिली. ठरवून दिली नाही, हाताने दिली. पट्टी पलीकडून एकदा ओढली गेली.

थोरला इतक्या झटक्याने उठला की स्टूल आडवं झालं. त्याने पुन्हा एक ओढ दिली. पुन्हा एक आली. दोन दिल्या, दोन आल्या. तो धावत बाहेर गेला आणि दालनाच्या दारातूनच ओरडला, "बोलतोय! आई, तो बोलतोय माझ्याशी!"

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाई उभी राहिली, मग खाली बसली, मग पुन्हा उभी राहिली. शेजारच्या खुर्च्यांवरचे अनोळखी लोकसुद्धा हसले. त्यांचेही कोणी कोणी आत होते. संध्याकाळी बाईने शेजारणीकडे फोन केला. धाकट्याच्या लहान मुलीला तिथे ठेवलं होतं. तिला ती म्हणाली, "बाबा काकांशी बोलले. नाही, तोंडाने नाही. हाताने. हो गं, खरंच."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पट्टी पाहिली. थोरल्याने त्यांना ओढ देऊन दाखवली. त्यांनी धाकट्याच्या कोपराखाली बोटं ठेवली आणि थोरल्याला पुन्हा ओढायला सांगितलं.

"स्नायू ताणला की तो आपोआप आखडतो," ते म्हणाले. "मेंदूला इजा झाली की हे वाढतं. तुम्ही ओढता म्हणून हात ओढला जातो. ते ऐकतायत, समजतायत, असं मी यावरून म्हणणार नाही."

"तीन दिल्या तर तीन येतात, डॉक्टर."

"कारण तुम्ही तीन वेळा ओढता."

"तुम्ही शरीर शिकलात. मी दोर शिकलोय."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांना दुसरं काहीतरी बोलायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी तिघांनाही एका लहानशा खोलीत बसवलं. घशातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, ते म्हणाले. ती काढून बघायची वेळ आली आहे. काढल्यावर पेशंट स्वतःचा श्वास घेतील, किंवा घेणार नाहीत. घेतला तर पुढे काय होईल ते सांगता येणार नाही. जागे होतील, अर्धे जागे होतील, असेच राहतील, यातलं काहीही. नाही घेतला तर दोन रस्ते आहेत. गळ्याला भोक पाडून कायमची नळी आणि यंत्र, किंवा पुन्हा काही घालायचं नाही आणि त्रास होणार नाही एवढं बघायचं. हे आधी ठरवून ठेवायला हवं.

"तुमचं मत काय?" बाईने विचारलं.

"माझ्या घरचं माणूस असतं तर मी नळी काढली असती, आणि पुन्हा घातली नसती. पण तो निर्णय तुमचा."

बाई हळू म्हणाली, "मलाही तसंच वाटतं. यांना मोकळं करू. पुढचं देवाच्या हातात."

"देवाच्या हातात?" थोरला म्हणाला. "तो मला उत्तर देतोय, बाई. खाली माणूस ओढ देत असताना वरची हवा बंद करतात का कुठे? मी नाही करू देणार."

बाईने आईकडे पाहिलं, आईने थोरल्याकडे. एवढी वर्षं असंच चालत आलं होतं. थोरला नाही म्हणाला की विषय संपायचा. "दादा म्हणतात तर थांबू," बाई म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली. फार थांबता येणार नाही, एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर थोरला वॉर्डातून जवळजवळ हललाच नाही. दिवसभर तो ओढ द्यायचा आणि उत्तर घ्यायचा. धाकट्याला हिरड्यांजवळ फोड आले, पाठ लाल झाली, छातीत कफ घरघरायला लागला. सिस्टर नळीतून कफ ओढायची तेव्हा धाकट्याचं सगळं अंग आवळून यायचं आणि बंद डोळ्यांच्या कडांतून पाणी यायचं. थोरला तेव्हा तोंड फिरवायचा, आणि ती गेली की पट्टी हातात घ्यायचा.

एके दिवशी सकाळी आईने हट्ट धरला. "मला जाऊ दे आत. तू बाहेर बस जरा, तुझ्या तोंडाला वास येतोय." सिस्टरने त्या दिवशी दोघांनाही सोडलं. खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं. आई पलंगाशी उभी राहून धाकट्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. त्याच्या डोक्यावरचे केस काढलेले होते.

"लहानपणी उवा झाल्या तेव्हा असाच दिसायचा," ती म्हणाली. "कान तेवढे मोठे. त्याला सांग की मी आलेय."

"एवढं नाही सांगता येत, आई. ठीक आहेस का, एवढंच विचारता येतं."

"मग ते विचारू दे मला. दे इकडे."

त्याने पट्टीचं टोक तिच्या मुठीला गुंडाळून दिलं. आईने जन्मात दोर धरला नव्हता. तिने भीतभीत, कपडा चाचपून बघावा तशी पट्टी ओढली. पट्टी पलीकडून ओढली गेली.

"दिली रे! दिली!" आईचा आवाज चिरका झाला. "अगदी साफ दिली. एक म्हणजे एकच. बघ, तू उगाच त्याच्या नावाने ओरडायचास."

थोरल्याने तिच्या हातातून पट्टी घेतली. तो स्टुलावर बसला. एक ओढ दिली. एक आली. तो थांबला. धाकटा जितका थांबायचा तितका थांबला, मग त्याच्या दुप्पट थांबला. हात पट्टीवर हलका ठेवला. इतका हलका तो होडीत कधीच ठेवत नसे. काही आलं नाही. पुन्हा दिली. एक आली, स्वच्छ, आणि त्यामागे काही नाही. तो आठवू लागला. पहिल्या दिवशी? त्याच्या दुसऱ्या दिवशी? त्याने इतक्या ओढी दिल्या होत्या, इतकी उत्तरं घेतली होती, आणि एकाही उत्तराला शेपूट नव्हतं. त्याला ते जाणवलंही नव्हतं. एक मागितलं, एक मिळालं, आणि तो खूश झाला होता.

"काय झालं?" आईने विचारलं. "काय म्हणतोय?"

थोरला पट्टीची गाठ सोडत होता. बोटं नीट चालेनात म्हणून दातांनी सोडली. धाकट्याच्या मनगटावर वळ उठला होता. तो त्याने अंगठ्याने चोळला.

"सोडलीस का रे?"

"वळ पडलाय," तो म्हणाला. "तू बस त्याच्याजवळ. मी येतो."

बाई बाहेरच्या दालनात भिंतीशी बसली होती. मांडीवर डबा, न उघडलेला. थोरला तिच्या समोर उभा राहिला. बसला नाही.

"बाई, तो उत्तर देत नव्हता."

"म्हणजे?"

"डॉक्टर सांगत होते तेच खरं. तो नव्हता तो. मला आत्ता कळलं."

बाईने त्याच्याकडे वर पाहिलं. तिला रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आला तो राग.

"आत्ता कळलं? मी माझ्या मुलीला सांगितलंय, दादा, बाबा बोलतात म्हणून. ती रोज विचारते आज काय बोलले. मी काय सांगते माहितेय? मी रचून सांगते. तुझ्या दाताचं विचारलं म्हणते, शाळेचं विचारलं म्हणते. आता काय सांगू तिला? मासे पकडायला गेले?"

"चुकलं माझं."

"चुकलं काय चुकलं! इतके दिवस घशात नळी कोंबून पडलेत हे. मी सकाळी आत जाते ना, तेव्हा त्यांचं तोंड बघवत नाही. मी म्हटलं नाही काही, कारण तुम्ही म्हणालात ते बोलतायत. मला वाटलं, माझ्याशी नाही, निदान तुमच्याशी तरी." ती थांबली, तिला दम लागला होता. "तुम्ही दोर धरता तेव्हा खाली माणूस असतो हो. इथे दोन्ही टोकांना तुम्हीच होतात."

जवळच्या खुर्चीवरच्या माणसाने आपलं वर्तमानपत्र उगाच उलटलं.

बाई म्हणाली, "बसा. पडाल नाहीतर." तो बसला. तिने डबा बाजूच्या खुर्चीवर ठेवला. "मी डॉक्टरांना हो म्हणून सांगते. चालेल?"

"तू सांग."

"तुम्ही येताय?"

"नको. नवरा तुझा आहे." हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं. "मी आलो की मी बोलायला लागतो."

डॉक्टरांनी तरीही तिघांना बोलावलंच. दुपारी नळी काढू, ते म्हणाले. श्वास घेतला नाही तर? त्यांनी पुन्हा विचारलं. बाईने आईकडे पाहिलं. आई पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत बसली होती.

"देताना देवाने मला विचारलं नव्हतं," आई म्हणाली. "हा दिला तेव्हा मी म्हटलं होतं, एवढ्यात नको, थोरला अजून अंगावर पितोय. तरी दिलाच. आता नेताना विचारेल का? आपण दारात आडवं पडून काय करायचं? राहू दे. नको पुन्हा नळी." एवढं ती नीट बोलली, आणि मग पदराची गाठ तिला सुटेना.

"दादा?" बाईने विचारलं.

थोरल्याने मान हलवली. डॉक्टरांनी ते पाहिलं की नाही ते कळलं नाही, म्हणून त्याने तोंडाने म्हटलं, "हो."

नळी काढताना आत कुणी थांबायचं नाही, असं सिस्टरने सांगितलं. तिने या वेळी विनोद केला नाही. आधी एकेकाला आत सोडलं. थोरला शेवटी गेला. त्याने धाकट्याच्या हाताला हात लावला, पण ओढला नाही. चादरीवर होता तसाच राहू दिला. काहीतरी बोलावं म्हणून तो वाकला. "नळ मी आवळलाय घरचा," तो म्हणाला. मग बाहेर आला आणि सिस्टरने दार लावलं.

दाराला वर काचेची चौकट होती. थोरला सवयीने तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आत कोणीतरी पडदा ओढला.

बाकावर आई आणि बाई बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये जागा होती, तिथे तो बसला. आईचे ओठ हलत होते. मग थांबले.

"काय गं?"

"रोज म्हणते ते आठवत नाहीये," आई म्हणाली. तिचा चेहरा भेदरला होता. "पहिली ओळसुद्धा. आजच बघ. सबंध आयुष्य म्हटलं, आणि आज मेलं एक अक्षर येत नाही तोंडात."

"मग दुसरं काहीतरी म्हण."

"काय म्हणू? मी काय मागू, तेच कळत नाही. वाचव म्हणू? असा वाचव, की कसा वाचव? ने म्हणू? आई असून ने म्हणू?"

देवाचं खातं घरात आईकडे होतं, थोरल्याने कधी त्यात हात घातला नव्हता. बाकाच्या कडेला धरलेली त्याची बोटं पांढरी पडली होती. बाईने ती पाहिली. तिने आपला हात त्याच्या हाताजवळ, लाकडावर ठेवला.

"मी बालवाडीत मुलांना सोडायला आया येतात ना, त्यांना बघते," ती म्हणाली. तिचा आवाज खाली होता, दोघांपैकी कुणाला म्हणून नव्हे. "पहिल्या दिवशी मूल रडतं, आईपण रडते. हात सोडवत नाही. मी कितीही सांगितलं, आत काय होईल ते तिला दिसणार नसतं. शेवटी एखादी म्हणते, बाई, तुमचा आहे हो आता, बघा. आणि जाते. जाताना दहा वेळा मागे बघते. पण जाते."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेवढं म्हणता येईल मला."

तिने हात जोडले नाहीत. मांडीवर होते तसेच ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "देवा, तुझा आहे. बघ त्याला." ती पुन्हा म्हणाली. बाईने म्हटलं, मनातल्या मनात. ओठ हलले फक्त. थोरल्याने दोघींकडे पाहिलं. त्याला लाज वाटत होती. मग त्याने आपल्या पायांमधल्या फरशीकडे बघत, गोदीत कुणाला सामान सोपवावं तशा कोरड्या आवाजात म्हटलं, "तुझा आहे. मला पुढचं काही माहीत नाही. बघ."

काही झालं नाही. पडदा हलला नाही, आतून आवाज आला नाही. भीती होती तिथेच होती. एवढंच झालं की त्याची बोटं बाकावरून सुटली आणि मांडीवर येऊन पडली, आणि ती पुन्हा कशालाही धरायला गेली नाहीत. तो मागे टेकला. समोरच्या भिंतीवर हात धुवायच्या सूचनांचं चित्र होतं. त्यातला पहिला हात त्याने वाचला, दुसरा वाचला. मग त्याची मान आईच्या खांद्यावर कलली.

आई जराही हलली नाही. तिचा तो खांदा दुखरा होता.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा ऊन खिडकीच्या तळाशी गेलं होतं. बाई उठून उभी राहिली.

"स्वतः घेतायत श्वास," ते म्हणाले. "बराच उथळ आहे, पण घेतायत. आज रात्री घेतील की नाही, उद्या घेतील की नाही, ते मला सांगता येणार नाही. शुद्धीचं तर अजिबातच नाही. खोटी आशा मी देणार नाही."

"जाऊ का आत?"

"जा ना."

बाईने दोन पावलं टाकली आणि ती वळली. थोरला तोंड किंचित उघडं टाकून झोपला होता, दाढी वाढलेली, एक हात बाकाखाली लोंबकळत होता.

"दादांना उठवू का, आई? त्यांना सांगायला हवं."

"झोपू दे," आई म्हणाली. "उठल्यावर तरी दुसरं काय सांगणार आहोत त्याला?"

बाई आत गेली. आई खांदा सावरत तशीच बसून राहिली.